काचेबाहेरचा राजा

घरच्या टँकमधले मासे एकमेकांच्या जिवावर उठले, की या नादात मुरलेली मंडळी एक उपाय हमखास सुचवतात: अजून मासे आणा. नवख्याला वाटतं, आपली चेष्टा चाललीय. दोन भाडेकरू भांडतायत म्हणून त्याच खोलीत आणखी वीस भाडेकरू कोण घुसवेल? पण उपाय खरा आहे, आणि पुष्कळदा लागूही पडतो.

आफ्रिकेतल्या मलावी सरोवरात खडकाळ काठांना धरून राहणारे म्बुना नावाचे सिक्लिड मासे असतात. निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे, दिसायला अगदी समुद्रातल्या प्रवाळांवरच्या माशांसारखे. खाणं साधं, खडकांवरचं शेवाळ खरवडून खातात. पण जागेच्या बाबतीत एक इंच सोडत नाहीत. चार फुटी टँकमध्ये असे पाच-सहा ठेवले, तर लवकरच एक नर सगळ्या टँकचा मालक होतो आणि बाकीचे एकेक करून फाटक्या परांनी कोपऱ्यात मरतात. त्याच टँकमध्ये पंचवीस ठेवले, तर बहुतेक वेळा सगळे जगतात. मालक एकाच्या मागे लागतो, तेवढ्यात दुसरा डोळ्यांसमोरून जातो, तो त्याच्या मागे वळतो, मग तिसरा येतो. एकावर सलग हल्ला होत नाही. एवढ्या गर्दीत स्वतःची अशी जागा राखणंच कुणाला जमत नाही. अर्थात पाणी लवकर घाण होतं. फिल्टर दुप्पट ताकदीचा लागतो आणि दर आठवड्याला पाणी बदलावं लागतं. तेवढं केलं की टँक झकास दिसतो.

माझं काम सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे याला लोड बॅलन्सिंग म्हणतात. एका सर्व्हरवर सगळा भार आला तर तो कोसळतो, म्हणून तोच भार दहा सर्व्हरवर वाटायचा. भार तेवढाच राहतो, फक्त कुणा एकाच्या डोक्यावर पडत नाही. म्बुनांच्या टँकमध्येही पाठलाग थांबत नाहीत. ते वाटले जातात. सोफ्यावर बसून पाहणाऱ्याला रंगीबेरंगी, सतत हलणारा, सुंदर टँक दिसतो.

अशा टँकला शांत म्हणायचं का, हा माझा प्रश्न आहे. आणि म्हणायचं असेल, तर ते ठरवणार कोण?

*

आधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. आपण त्या नेहमी एकत्र करतो. शिकार वेगळी आणि भांडण वेगळं.

शिकारी मासा दुसऱ्या माशाला खातो त्यात वैर नसतं. आपण भाकरी खातो तेव्हा भाकरीवर चिडलेले नसतो, तसंच. शिकारी मासे एकत्र ठेवणाऱ्यांचा पहिला नियम म्हणूनच तोंडाच्या मापाचा असतो. तोंडात मावेल तो मासा खाऊ, आणि मावणार नाही तो शेजारी. त्यामुळे सगळे मासे साधारण एका मापाचे घेतले, पोटभर खायला दिलं, की शिकारीचा प्रश्न बऱ्यापैकी सुटतो.

भांडण मात्र जागेसाठी असतं, आणि ते बहुतेक वेळा खाण्याजोग्या माशाशी होत नाही, तर बरोबरीच्याशी होतं. ते पाहण्यासारखं असतं. दोन सिक्लिड समोरासमोर येतात, कल्ले फुगवतात, पर ताणून आडवे उभे राहतात, म्हणजे अंगाची पूर्ण लांबी समोरच्याला दिसावी. मग शेपटीने त्याच्या अंगावर पाण्याचा लोट मारतात. तेवढ्याने निकाल लागला नाही, तर एकमेकांचा जबडा धरून ढकलाढकली. एवढं सगळं का? कारण खरी जखम दोघांनाही परवडत नाही. आधी अंदाज घ्यायचा आणि शक्यतो न चावता प्रकरण मिटवायचं. ज्याला कळतं की आपलं काही जमणार नाही, तो पर मिटतो, रंग उतरवतो आणि निघून जातो. जिंकणारा थोडा पाठलाग करतो आणि हद्दीपर्यंत जाऊन परत फिरतो.

या सगळ्या प्रकरणातला महत्त्वाचा भाग शेवटचा: निघून जाणं. ‘मी हरलो’ हे सांगायची माशाची पद्धत म्हणजे नजरेआड होणं. नदीत, सरोवरात ते काही सेकंदांत होतं. टँकमध्ये हरलेला मासा पळतो आणि काचेला आपटतो. त्याने हार मानलेली असते, पण तो अजूनही समोरच असतो. जिंकलेल्याच्या दृष्टीने तो अजून हद्दीतच आहे, म्हणजे हार मानत नाही. मग पुन्हा हल्ला. ज्या वर्तनामुळे एरवी जीव वाचतो, तेच वर्तन चार काचांमध्ये जीव घेतं. मासा तोच, फक्त दार नाही.

*

माझ्या घरात हा प्रश्न वारशाने आला. रूममेटला कंपनीने परदेशी पाठवलं. जाताना त्याने फ्रिज विकला, बाइक भावाला दिली आणि चार बाय दोन बाय दोनचा टँक मला देऊन गेला. “अरे, दिवसातून दोनदा खायला टाक, बाकी काही नाही,” एवढंच डॉक्युमेंटेशन. आत तीन मासे होते: ऑस्कर, जॅक डेम्प्सी आणि ग्रीन टेरर. आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात. लिहिलेला दुसऱ्याने असतो, पण रात्री दोनला सिस्टिम पडली की फोन तुम्हाला येतो.

ऑस्कर सगळ्यांत मोठा. शेपटीशी डोळ्यासारखा गोल ठिपका. माणूस ओळखतो आणि खाण्याच्या वेळी कुत्र्यासारखा पुढे येतो. जॅक डेम्प्सी हे नाव एका अमेरिकन बॉक्सरवरून पडलं, जो १९१९ ते १९२६ हेवीवेट जगज्जेता होता. यावरून माशाच्या स्वभावाची कल्पना यावी. ग्रीन टेरर नावाने भयंकर, पण आमच्याकडे तोच सगळ्यांत लहान होता. तो फिल्टरच्या पाइपामागे, पृष्ठभागाशी, तिरका लटकल्यासारखा असायचा. रंग काळपट, पर मिटलेले. खायला सगळ्यांत शेवटी यायचा, तेही बाकीच्यांचं पोट भरल्यावर.

रत्नागिरीहून बाबा आले होते. दोन दिवस त्यांनी टँक पाहिला आणि म्हणाले, “मासेच ते. भांडायचेच. स्वभावच आहे त्यांचा.”

हे वाक्य मला बरेच दिवस पुरलं. स्वभाव म्हणजे नेमकं काय? ऑस्कर ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. जॅक डेम्प्सी मेक्सिको-होंडुरासकडचा. ग्रीन टेरर इक्वेडोर आणि पेरूचा, तेही अँडीजच्या पलीकडचा, पॅसिफिकच्या बाजूचा. माणसाने मध्ये हात घातला नसता, तर या तिघांचे पूर्वज एकमेकांना कधी भेटले नसते. ही पिल्लंही बहुधा आशियातल्या कुठल्या तरी फार्मवर जन्मलेली. त्यांची भेट पुण्यात, एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये, एका सुटलेल्या रूममेटच्या आवडीमुळे झाली. या भेटीत जे घडतं त्याला ‘निसर्ग’ म्हणणं म्हणजे तीन वेगवेगळ्या प्रोग्रॅमना एकाच मेमरीत कोंबायचं आणि ते क्रॅश झाले की प्रोग्रॅमच्या स्वभावाला दोष द्यायचा.

*

मोठा मासा लहान माशाला खातो, या निरीक्षणावर आपल्याकडे एक अख्खं राजकारण उभं आहे. त्याला मात्स्यन्याय म्हणतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला मुद्दा असा की दंड धरणारा कुणी नसेल, तर बलवान दुर्बळाला गिळतो. म्हणून राजा हवा. त्याच ग्रंथात पुढे अशी हकिकत येते की मात्स्यन्यायाला कंटाळलेल्या लोकांनी वैवस्वत मनूला राजा केलं आणि धान्याचा सहावा भाग त्याला देऊ केला.

मनू म्हटलं की आपल्याला आधी मनुस्मृती आठवते आणि १९२७ साली महाडला झालेलं तिचं दहन. मला इथे हवी आहे ती गोष्ट त्या ग्रंथापेक्षा बरीच जुनी आहे, शतपथ ब्राह्मणातली. परंपरा त्या गोष्टीतल्या मनूलाही वैवस्वतच मानते. सकाळी हात धुवायच्या पाण्यात त्याला एक इवलासा मासा सापडतो. मासा त्याला सांगतो की मला सांभाळ, कारण लहानपणी आम्हाला आमच्याच जातीचं भय असतं. मनू त्याला आधी घागरीत ठेवतो. घागर पुरेना तेव्हा खड्डा खणून त्यात. खड्डाही पुरेना तेव्हा समुद्रात. पुढे प्रलय येतो आणि तोच मासा मनूची नाव ओढून नेतो.

लहानपणी ही गोष्ट प्रलयासाठी ऐकली होती. टँक घरात आल्यावर मला ती माशाच्या बाजूने दिसायला लागली. मात्स्यन्यायातून सोडवायला मनूने काय केलं? मोठ्या माशांना शिक्षा केली नाही की माशांना उपदेश केला नाही. त्याने भांडं बदललं. मासा वाढेल तसं भांडं मोठं केलं, आणि शेवटी भांडंच काढून टाकलं.

कौटिल्याचा तर्क असा की राजा नसतो तिथे मात्स्यन्याय चालतो. टँकमध्ये हे बरोबर उलटं आहे. इथे राजा पहिल्या दिवसापासून हजर आहे. दिवस कधी उगवणार हे तो ठरवतो, कारण लाइटचं बटण त्याच्या हातात आहे. पाऊस कधी पडणार, पाणी किती गरम, जेवण किती, शेजारी कोण, सगळं तोच ठरवतो. एवढी सत्ता कुठल्याच राजाला मिळाली नसेल. आणि तरीही आत मोठा लहानाला छळतो, तेव्हा राजा काचेबाहेर उभा राहून म्हणतो: स्वभावच आहे त्यांचा.

टँकमधला मात्स्यन्याय हा राजाच्या गैरहजेरीत होत नाही. राजाने मांडलेल्या मांडणीतून होतो.

*

भांडकुदळपणा हा आत साचत जाणारा स्वभाव आहे, असं एका मोठ्या माणसाने याच माशांकडे पाहून मांडलं होतं. कोनराड लोरेन्झ हा ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ. त्याला १९७३ साली नोबेल मिळालं. आक्रमकतेवरचं त्याचं पुस्तक १९६३ साली जर्मनमध्ये आलं. त्यात सिक्लिड माशांची एक हकिकत आहे. त्यातला एक मासा तर आपल्याकडचा, दक्षिण भारत आणि श्रीलंकेत आढळणारा पिवळा-केशरी क्रोमाइड. गोव्यात कालुंदर खाल्ला असेल तर त्याचा हा लहान भाऊबंद.

लोरेन्झ सांगतो की नर-मादीची जोडी एकटीच टँकमध्ये ठेवली, तर अनेकदा नर मादीवरच तुटून पडतो. मग शेजारी दुसरी जोडी ठेवायची आणि मध्ये काच घालायची. नर काचेपलीकडच्या शेजाऱ्यावर राग काढतो आणि घरात गोडीगुलाबी राहते. मात्र काचेवर शेवाळ चढून शेजारी धूसर झाला, की घरात पुन्हा धुसफूस सुरू होते. काच पुसली की पुन्हा शांतता. यावरून त्याचा निष्कर्ष असा की आक्रमकता धरणाच्या पाण्यासारखी आत साचते आणि तिला कुठे तरी वाट द्यावीच लागते.

साठवणुकीची ही कल्पना नंतरच्या अभ्यासकांनी फारशी टिकू दिली नाही. वर्तन म्हणजे टाकीतलं पाणी नव्हे, ते परिस्थितीला दिलेलं उत्तर असतं, असा त्यांचा आक्षेप. पण मला त्या हकिकतीत वेगळीच गोष्ट दिसते. प्रत्येक वेळी बदल करतोय कोण? जोडी एकटी ठेवणारा, काच घालणारा, शेवाळ पुसणारा. माशाच्या ‘आतल्या’ स्वभावाचा हा पुरावा काचेच्या जागेवर आणि स्वच्छतेवर अवलंबून आहे.

आत जो भरडला जातो, त्याला काय कळतं? २००७ साली ‘नेचर’मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. टांगानिका सरोवरातला एक सिक्लिड, ॲस्टॅटोटिलापिया बर्टोनी. एका नराला काचेतून इतर पाच नरांच्या लढती दाखवल्या. पहिल्याने दुसऱ्याला हरवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने चौथ्याला, चौथ्याने पाचव्याला. मग त्याच्या एका बाजूला दुसरा आणि दुसऱ्या बाजूला चौथा ठेवला. या दोघांची लढत त्याने कधीच पाहिलेली नव्हती. तरी तो चौथ्याच्या बाजूला गेला, म्हणजे तुलनेने कमजोर असलेल्याकडे. क ख-पेक्षा वरचढ, ख ग-पेक्षा वरचढ, म्हणून क ग-पेक्षा वरचढ, हे अनुमान मासा करतो. याच जातीत हरलेला नर झगझगीत रंग टाकून मळकट होतो आणि वरची जागा रिकामी झाली, तर काही मिनिटांत त्याचा रंग परत यायला लागतो.

म्हणजे पाइपामागे लटकलेल्या ग्रीन टेररला आपण कुठल्या पायरीवर आहोत, हे बहुधा माहीत होतं. त्याचा काळपट रंग आजार नव्हता. ते त्याचं निवेदन होतं, आणि ते घेऊन जायला त्याला जागा नव्हती.

*

आता गर्दीच्या उपायाकडे पुन्हा वळू. त्याच्या बाजूचा युक्तिवाद कमकुवत नाही. एका माशावर सगळा मार पडून तो मरणार, की पंचवीस माशांवर थोडा थोडा वाटला जाऊन सगळे जगणार? बेरीज करणारा कुणीही दुसरं निवडेल. शिवाय मलावी सरोवरात खडकांवर म्बुनांची दाटी मुळातच असते. दाटी म्हणजे छळ असं सरसकट म्हणता येत नाही. आक्रमक माशांबरोबर डॅनिओसारखे चपळ, थव्याने फिरणारे मासेही सोडतात. काही डॅनिओ तर आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांमध्ये सापडतात. ते वर निवांत फिरताना दिसले, की खालच्या माशांना धोका नसल्याची खूण मिळते आणि तेही निवळतात. नवीन मासा सोडायच्या आधी दगड हलवून ठेवतात, म्हणजे जुन्या मालकांच्या हद्दी मोडतात आणि सगळेच नवखे होतात. हे सगळे उपाय मायेने, निरीक्षणाने शोधलेले आहेत. ते शोधणाऱ्यांना मी क्रूर म्हणणार नाही.

मीही त्यातले काही करून पाहिले. इंजिनिअर असल्यामुळे आधी मोजमाप केलं. एका रविवारी तासभर वही घेऊन बसलो. ग्रीन टेररला त्या तासात सव्वीस वेळा हाकललं गेलं. मग मातीच्या दोन कुंड्या आडव्या टाकल्या आणि उभे दगड लावले, म्हणजे या टोकाचं त्या टोकाला दिसू नये. पुढच्या रविवारी आकडा नऊवर आला. ऑफिसात असा ग्राफ दाखवला असता तर टाळ्या पडल्या असत्या.

पण ग्रीन टेरर पाइपामागेच होता. रंग तसाच, खायला तसाच शेवटी. हल्ले कमी झाले ते तो बाहेर येणं सोडत गेला म्हणूनही असू शकतात. जो मासा हलतच नाही, त्याचा पाठलाग कोण करणार? मी मोजत होतो ते मालकांचं वर्तन. त्याचं जगणं त्या आकड्यात कुठेच नव्हतं.

इथे माझ्यापुरतं उत्तर सापडलं. टँक शांत आहे की नाही, हे सोफ्यावरून ठरत नाही आणि सरासरीवरूनही ठरत नाही. सगळ्यांत दुबळ्या माशाच्या जागेवरून पाहावं लागतं. तो उघड्यावर येतो का? खातो का? हरला तर कुठे जाऊ शकतो? गर्दीचा टँक या तीन प्रश्नांना उतरला, तर ती शांतता मला मान्य आहे. आणि तीनच मासे असलेला, कुणी न मेलेला टँक त्याला उतरत नसेल, तर ती शांतता नव्हे. तिथे फक्त आवाज होत नाही, इतकंच.

*

रूममेटला हे व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर तो हसला. “अरे, तू रत्नागिरीचा. आयुष्यभर बांगडा-सुरमई खाल्लीस, आणि आता माशाच्या मानसिक आरोग्याचं घेऊन बसलायस?”

आक्षेप रास्त आहे आणि मी त्याला टाळणार नाही. मी मासे खातो. पण मारणं आणि पाळणं यांत फरक आहे. बांगड्याला मी कुठलंही वचन दिलेलं नाही. मराठीत ‘पाळणं’ हे क्रियापद आपण मांजर, गाय, मासे यांच्यासाठी वापरतो, आणि तेच क्रियापद शब्द, पथ्य, नियम यांच्यासाठीही वापरतो. पाळलेला जीव म्हणजे दिलेला शब्द. ज्याचं खाणं, पाणी, उजेड आणि शेजार माझ्या हातात आहे, त्याला ‘तुझं तू बघ’ म्हणायचा अधिकार माझ्याकडे उरत नाही. आणि टँक मी घेतला नव्हता, या सबबीनेही तो परत मिळत नाही. राज्य वारशाने आलं म्हणून प्रजा परकी होत नाही.

कायदासुद्धा याच वळणाने बोलतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा माणूस सोडून प्रत्येक जिवाला प्राणी मानतो, म्हणजे मासाही आला. प्राणी ज्याच्या ताब्यात आहे, त्याने त्याच्या भल्यासाठी वाजवी काळजी घ्यावी, असं तो सांगतो. हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात ठेवणं तो क्रूरता मानतो. मारहाणीइतकंच तो भांड्याच्या मापाकडेही पाहतो, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मग मनूसारखं शेवटचं पाऊल का टाकू नये? सोडून द्यावं नदीत. तर ते दार आपल्यासाठी बंद आहे. परदेशी शिकारी मासा मुळा-मुठेत सोडणं म्हणजे एका माशाची सुटका आणि तिथल्या शेकडो माशांवर नवा मात्स्यन्याय लादणं. २०२३ साली श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार सापडला. हा उत्तर अमेरिकेतला लांब जबड्याचा शिकारी मासा पोहत तिथवर आलेला नाही. काच साफ ठेवायला म्हणून विकला जाणारा सकर मासा आज देशातल्या कितीतरी तलावांत, नद्यांत कोळ्यांच्या जाळ्यात येतो. त्याला कोणी विकत घेत नाही, आणि त्याच्या खरखरीत अंगाने जाळी फाटतात. त्यांपैकी पुष्कळांना कधी तरी कुणी तरी ‘दया’ म्हणूनच सोडलं असेल. मनूच्या माशाला त्याचा स्वतःचा समुद्र होता. माझ्या माशांचा समुद्र इथे नाही. त्यामुळे दिलेला शब्द काचेच्या आतच पाळायचा आहे, आणि म्हणून तो जास्त अवघड आहे.

मी दुसरा टँक घेतला. तीन फुटी. घरमालकांना आधी विचारावं लागलं, कारण पाण्याचं वजन कमी नसतं. मोठ्या टँकमध्ये जवळपास साडेचारशे लिटर आहेतच, त्यात हे दीड-पावणेदोनशे. माझं वर्क फ्रॉम होमचं टेबल गेलं, आता जेवणाच्या टेबलावर काम करतो. नव्या फिल्टरमध्ये जुन्या फिल्टरचा स्पंज घातला, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू तयार मिळतात. ग्रीन टेररला तिकडे हलवलं. काही दिवस तो कोपऱ्यातच होता. मग पुढे आला. कडेचा केशरी पट्टा पुन्हा उजळला, गालांवर निळ्या रेषा दिसायला लागल्या. तो आता काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर कल्ले फुगवतो. एकटेपणा त्याला जाणवतो का, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तो हरलेला नाही आणि उघड्यावर पोहतोय, एवढं मात्र दिसतं.

मोठ्या टँकमध्ये तिसरा गेल्यावर दोघांचं समीकरण बदललं. लोरेन्झच्या हकिकतीत होतं तसं, सगळ्यांचा मार खाणारा गेला की राग नवीन जागा शोधतो. जॅक डेम्प्सीने एक कुंडी आणि डावी बाजू धरलीय, ऑस्करने उजवी. हद्दीवर रोज थोडी फुगाफुगी होते आणि दोघेही मागे फिरतात. मागे फिरायला जागा आहे तोवर मी मध्ये पडणार नाही. ती पुरेनाशी झाली तर पुन्हा काही तरी बदलावं लागेल, आणि ते काम माझं असेल, त्यांचं नव्हे.

*

इथवर वाचताना तुमच्या मनात ऑफिस, हॉस्टेल, लोकल, सोसायटीचं पार्किंग असं काही येऊन गेलं असेल. माझ्याही येतं. तरी माशांवरून थेट माणसांवर उडी मारायला मी कचरतो. लोरेन्झने ती मारली आणि आक्रमकतेला जन्मजात ठरवणाऱ्यांना तिचा आयता आधार मिळाला. पुढे १९८६ साली स्पेनमधल्या सेव्हिल शहरात शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन जाहीर केलं की युद्ध करण्याची वृत्ती आपल्याला प्राणी पूर्वजांकडून मिळाली, हे म्हणणं विज्ञानाला धरून नाही. युनेस्कोने १९८९ मध्ये ते निवेदन स्वीकारलं. माणसाकडे भाषा आहे, युनियन आहे, राजीनामा आहे, मतदान आहे. मासा काच फोडायची मागणी करू शकत नाही.

पण उलट दिशेने एक गोष्ट नक्की नेता येते. माशांच्या बाबतीत मी शिकलो तो प्रश्न विचारायची सवय. कुणी म्हणालं की यांचा स्वभावच भांडखोर, ही जमातच तशी, या टीममध्ये राजकारण फार, तर एक क्षण थांबून पाहायचं की हे भांडं कुणी तयार केलं, किती जागेत किती जणांना कोंबलं, हरणाऱ्याला बाहेर पडायला दार कुठे आहे. आणि शांतता आहे असं कुणी सांगितलं, तर सांगणारा काचेच्या कुठल्या बाजूला बसलाय तेही पाहायचं.

आक्रमक मासे एकत्र ठेवता येतात का, असं मला कधीकधी ऑफिसातली मुलं विचारतात. त्यांना यादी हवी असते, कोण कोणाबरोबर चालेल याची. यादी मी देतो. मापं सांगतो, कुंड्या-दगड कसे लावायचे, पाणी किती बदलायचं ते सांगतो. मग एवढंच विचारतो की त्यांच्यातला एक हरला, तर त्याच्यासाठी दुसरा टँक ठेवायला घरात जागा आहे का? बरेच जण हसतात. एकीने मात्र घरी जाऊन खरंच टेप लावून भिंत मोजली आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, “नाही बसत रे. मग मी एकच घेते.”